बगळ्याच्या गाडीवरलं नाव

आमचं गाव लोहा तालुक्यातलं, ताई, नाव सांगितलं तरी तुम्हाला सापडायचं न्हाई, एक वढा अन् त्याच्या दोन्ही अंगाला घरं, एवढंच गाव. घरी शेती व्हती, थोरला भाऊ तिच्यात रमला, माझं मन काही ढेकळात लागंना. मला भितीवर काढायचा नाद. चुलीतला कोळसा घ्यायचा अन् जिथं कोरी भित दिसंल तिथं बैल काढायचा. मारुतीच्या देवळाच्या भितीवर काढला तवा बापानं मला असा धुतला की काय सांगू तुम्हाला, अन् दुसऱ्या दिशी यष्टीत घालून नांदेडला आणलं, उस्तादच्या हवाली केलं. म्हणला, ह्याचे हात काळे व्हायचेच हाईत, तर पोटापाण्यासाठी तरी व्हऊ द्या.

उस्ताद म्हणजे ट्रकवर नावं लिव्हणारा पेंटर. गॅरेजच्या रांगेत पत्र्याचं दुकान, दाढी मेंदीची, तोंडात पान, अन् बोलणं समदं दखनी. मला लई दिवस नुसते ब्रश धुवायला लावले, मंग रेघ मारायला लावली, नुसती रेघ. म्या म्हणलं, उस्ताद, अक्षर कवा? तर म्हणायचा, मियाँ, अक्षर बाद में, पहले लकीर. सांस रोको, हात हल्लू. जिसकी लकीर सीधी उसका सब सीधा. अन् ह्या लकीरीवरून तेची गाडी कायम त्या बगळ्याच्या गाडीवर जायची.

आता तुम्ही म्हणसाल बगळ्याची गाडी कोणती. तिचं खरं नाव इंग्रजी हाय, माझ्या जिभंवर काही बसत न्हाई. बोनेटवर मान लांब केलेला चांदीचा पक्षी हाय तिच्या, म्हणून आमच्याकडं समदे बगळ्याचीच म्हणतात. निजामाच्या वक्ताला नांदेडात एका मोठ्या अंमलदाराकडं ती व्हती अन् उस्तादचा बाप ती पुसायच्या कामावर व्हता. उस्ताद सांगायचा, गाडी चालू हाय का बंद हाय ते कळायचं न्हाई, बोनेटवर पाण्यानं भरलेला पेला ठेवला तरी थेंब सांडायचा न्हाई. खरं का खोटं, काय की. लोक तर असंबी म्हणायचे की ती बिघडली तर विलायतेहून मानूस पेटी घेऊन यायचा अन् रातोरात दुरुस्त करून जायचा, कुणाला कळू द्यायचा न्हाई की ती बिघडली व्हती, एवढी तिची अब्रू. पण उस्तादला त्यातलं काही महत्त्वाचं वाटायचं न्हाई. तेला फकस्त एक गोष्ट. गाडीच्या दोन्ही अंगानं, पुढून मागपस्तोर, एक बारीक सोनेरी रेघ. ती म्हणे मशिनीनं मारत न्हाईत, तिकडं विलायतेत कंपनीत एक मानूस बसवलाय, तो हातानं मारतो, खारीच्या केसाच्या ब्रशानं, एका दमात. चुकली तर पुसायची सोय न्हाई. उस्ताद म्हणायचा, देखो, इत्ती बडी कंपनी, पर इज्जत किसके हाथ में? अपने जैसे एक पेंटर के.

हे ऐकून ऐकून माझ्या डोक्यात ती गाडी बसली, ताई. दुसऱ्या लोकांना ती पैशावाल्याची गाडी वाटायची, मला ती आपल्या जातीची, म्हणजे आपल्या धंद्याच्या जातीची वाटायची. म्हणलं, जल्मात एकदा तरी तिच्यावर ब्रश टेकवायचा.

मंग व्यंकट भेटला. रेणापूरचा. माझ्याच वयाचा, मिशीला पीळ, बोलायला खडूस पण आतून निव्वळ लोणी. तेनं पहिला जुना ट्रक घेतला अन् नांदेडला माल टाकून सरळ माझ्या म्होरं आणून हुभा केला. उस्ताद गेल्यावर दुकान मीच चालवून राहिलो व्हतो. म्या इचारलं, काय लिव्हायचं? आईची कृपा, बापाचा आशीर्वाद, समदे तेच लिव्हतात. हा म्हणला, गयाबाई लिव्ह. म्या म्हणलं, आईचं नाव का? म्हणला, बायकोचं. माझा हातच थांबला. त्या काळात बायकोचं नाव घ्यायला उखाणा लागायचा अन् हा बाबा ट्रकवर टाकून मुलूखभर मिरवणार. लोक हसतील की, म्हणलं. तर म्हणला, हसू दे, रातरात गाडीवर मी असतो, घर ती वढून राहिली, मंग नाव कुणाचं पायजे?

लिव्हलं. दोन्ही अंगाला वेल काढला. लोक हसलेच, ढाब्यावर तेला गयाबाईच म्हणायचे, काय गयाबाई, डिझेल भरायचं का? हा हसायचा. मंग दुसरी गाडी, तिसरी गाडी, टेंपो, ट्रॅक्टर, समद्यांवर म्याच नाव लिव्हलं अन् दर बारीला तेच, गयाबाई. रेणापूरला त्यांच्या घरी गेलो की ती माउली मला ज्वारीची भाकर अन् शेंगाची चटणी वाढायची अन् लटकं रागवायची, भाऊजी, तुम्ही मला पार निलंग्यापासून नागपूरपस्तोर बदनाम करून राहिलेत. पण तोंडावरून कळायचं की लई सुखात हाय.

गेली ती. दुखणं लहान व्हतं, अन् निदान उशिरा झालं. व्यंकट त्याच्यानंतर निम्मा झाला. धंदा पोरानं घेतला, बालाजीनं. पोरगं हुशार निघालं, कष्टाचं बी हाय, मी तेला नावं ठेवणार न्हाई. ट्रकचे ट्रेलर केले, रस्त्याची कामं घेतली, अन् एक दिवस काय घेतलं म्हणता? बगळ्याची गाडी. आपल्या लातूर-नांदेडच्या रस्त्यावर! लोकं यष्टीच्या खिडक्यातून माना काढून बघायचे. आता ती कंपनी पहिल्या लोकांची राहिली न्हाई म्हणे, मधी बुडाली, दुसऱ्या मुलखाच्या लोकांनी घेतली, पण नाव तेच ठेवलं अन् बगळाबी तोच. मालक गेले, नाव राहिलं. नावालाच किंमत असती, ताई.

तर दुपारची वेळ, मी दुकानात बसलेलो. धंदा तवाच मंदावला व्हता, रेडियमवाले आले, कंप्युटरवर अक्षर कापतात अन् चिकटवतात, माझ्याकडं कोण येतंय. अन् दारात ती गाडी. आवाज न्हाई काही न्हाई. आतून व्यंकट उतरला, ड्रायव्हर संगं. म्हणला, लिव्ह. म्या म्हणलं, बालाजीला इचारलं का? म्हणला, मपल्या लेकाला मी इचारू? तिचं नाव न्हाई अशा गाडीत मी कवा बसलो का? ह्या गाडीत बसलो की मला पाहुण्याच्या घरी आल्यासारखं वाटतंय.

काय सांगू तुम्हाला, ताई. म्या हात धुतले. गाडीच्या कडंनं एक चक्कर मारली अन् ती रेघ बघितली, उस्ताद सांगायचा तीच, बोट न लावता बघितली. मंग मागं डिकीवर, खालच्या कोपऱ्याला, मोठं न्हाई, बोटाच्या पेऱ्याएवढ्या अक्षरात, सोनेरी रंगात, दम रोखून लिव्हलं. वेल न्हाई काढला. नुसतं गयाबाई. असं अक्षर माझ्या हातून पुन्हा कवा आलं न्हाई. व्यंकट लई येळ बघत राहिला अन् म्हणला, आता झाली आपली गाडी. मागच्या शिटावर न्हाई, पुढं ड्रायव्हरजवळ बसून गेला.

थोडे दिवस गेले अन् तीच गाडी परत आली. आता बालाजी चालवत व्हता, व्यंकट बाजूला. पोरगं उतरलं, पाया पडलं, अन् खाली बघून म्हणलं, काका, हे काढावं लागंल. म्या इचारलं, कामून रं? तर हैदराबादला ह्या गाडीवाल्यांचा म्हणे मेळावा असतो, समदे आपापली गाडी घेऊन येतात. तिथं लोकांनी डिकीचे फोटो काढले, हसले, एकानं इचारलं, ट्रक समजून घेतली का? पोरगं म्हणलं, काका, मला आईची लाज न्हाई, पण ह्या गाडीवर दुसरं कोणतं नाव चालत न्हाई, गाडीचीच अब्रू जाती. रेडियमवाल्याकडं न्यायला भ्या वाटतंय, रंगाला ओरखडा पडंल. तुम्ही लिव्हलं, तुम्हीच अलगद काढा.

म्या व्यंकटकडं बघितलं. तो दुकानाच्या खुर्चीत बसलेला, काठीवर हनुवटी. मला वाटलं आता लेकाला झापतो. तर हळूच म्हणला, पूस बाबा. त्याची गाडी हाय.

अन् म्या पुसलं. रंग उतरवायच्या टर्पेनचा बोळा घेतला अन् एकेक अक्षर काढलं, पहिल्यांदा ई, मंग बा. मागून पुढं पुसत आलो, काय की कामून, पहिलं अक्षर पुसायला हात धजंना म्हणून आसंल. गाडीला एक ओरखडा पडू दिला न्हाई. एवढं चांगलं काम म्या केलं, ताई, अन् आजबी मला वाटतं की वाईट करायला पायजे व्हतं. म्हणायला पायजे व्हतं, न्हाई पुसत जा, तुझ्या आईच्या हातची भाकर खाल्लीय म्या. पण पोराचं तोंड एवढुसं झालेलं, व्यंकट म्हणला पूस, अन् त्या गाडीचा दबदबा माझ्याबी मनात व्हताच की. खोटं कामून बोलू.

पुसून झालं अन् व्यंकट उठला, म्हणला, मी यष्टीनं जातो. बालाजी लई इनवण्या करून राहिला, दादा बसा, दादा लोक काय म्हणतील. हा चालत स्टँडवर गेला, लातूरच्या गाडीत बसला. अन् पोरानं काय करावं? ती एवढी मोठी गाडी यष्टीच्या मागं मागं घेऊन निघालं. माझ्या थोरल्या भावाचं शेतीसंगं लोह्याच्या स्टँडवर चहाचं हॉटेल बी हाय आता, तेनं मला फोन करून सांगितलं, आरं, लाल गाडीच्या मागं बगळा हुभाय, पोरगं खाली उतरून खिडकीतून बापाला पाण्याची बाटली देऊन राहिलंय अन् म्हातारा घेईना. लोक हसत व्हते म्हणे. मला काही हसू आलं न्हाई.

तवापासून व्यंकट त्या गाडीत बसला न्हाई. मला फोन करायचा, तब्येत इचारायचा, पण दुकानाकडं यायचं बंद केलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानं बोल लावला न्हाई, तेच मला जास्त लागलं.

मंग ह्या उन्हाळ्यात एक दिवस सकाळीच बालाजी मला न्यायला आला. व्यंकटच्या छातीत दोन दिवसांपासून दुखून राहिलं व्हतं, लातूरला दवाखान्यात न्यायचं, अन् हा हट्टाला पेटलेला, यष्टीनं नेत असाल तर येतो. बालाजी म्हणला, काका, तुमचं तरी ऐकतील. दमानं चालता येईना अन् यष्टी म्हणे! मी त्या गाडीत पहिल्यांदा बसलो त्या दिशी, नांदेडपासून रेणापूरपस्तोर, अन् खरं सांगतो, आवाज येत न्हाई. पोटातलं पाणी हालत न्हाई. पण मला एक घडी चैन पडली न्हाई.

व्यंकट अंगणात बाजेवर बसलेला. मला बघून म्हणला, आलास का? आता तूच सांग, कसा बसू? म्या गाडीकडं वळून बघितलं. रस्त्याचं काम चालू हाय तिकडं, फुफाट्यानं गाडी मागून पार भरलेली व्हती. मी मागं गेलो अन् त्या धुळीत बोटानं लिव्हलं, मोठ्ठं, काचंच्या ह्या टोकापासून त्या टोकापस्तोर, गयाबाई. बालाजी बघत हुभा व्हता. तेनं तोंडावरून हात फिरवला अन् बापाला काखंत धरून उठवलं. व्यंकट काठी टेकत मागं आला, बघितलं, म्हणला, वेल राह्यला की रं. म्या वेलबी काढला. मंग बसला, ताई. पुढच्या शिटावर, पोराच्या शेजारी. लातूरपस्तोर तिघं गेलो अन् रस्त्यात तो पोराला सांगत व्हता की पहिल्या ट्रकचा गेर कसा अडकायचा अन् गयाबाई कशी कॅबिनमधी बसून हसायची. बापलेक एवढं बोलताना म्या कवा ऐकलं नव्हतं.

दवाखान्यातून परत काही आला न्हाई. तिथंच गेला.

गाडी दवाखान्याच्या ड्रायव्हर लोकांनी दुसऱ्याच दिशी धुतली म्हणे, चांगल्या मनानं धुतली, साहेबाची गाडी घाण झाली म्हणून. त्यांचा काय दोष. बालाजी तेराव्याला मला म्हणला, काका, आता लिव्हा, पक्क्या रंगात लिव्हा, कोण हसतंय ते बघतो मी. म्या म्हणलं, आता कुणासाठी रं? पोरगं रडलं. मीबी रडलो.

लिव्हायला पायजे व्हतं का न्हाई, रोज इचार करतो. तुम्ही शिकलेली मानसं हाईत, तुम्हीच सांगा. बरोबर केलं का चूक, मला काही उमगत न्हाई. पोरगं वाईट न्हाई, ताई, देव तेला लई देवो, तेच्या लेकरांना देवो. इथून जाताना दुकानाम्होरं गाडी हळू करतंय अन् काच खाली करून हात जोडतंय. मी बी हात वर करतो अन् गाडी जाईपस्तोर तिच्या मागं बघत बसतो. नेहमी लख्ख पुसलेली असती.