जास्तीचे शंभर वॉट

दुकानदार : कॉम्प्युटरचं बाकी सगळं जुनं चालेल, छोटी. प्रोसेसर जुना चालेल, रॅम जुनी चालेल, बाहेरचा डबा तर भंगारातून उचलून आणलास तरी मी नाक मुरडणार नाही. पण पॉवर सप्लाय नवाच घ्यायचा. जुना सप्लाय एकटा मरत नाही, सोबत चौघांना घेऊन मरतो.

छोटी : नवाच घ्यायचाय, काका. कुठला घ्यायचा एवढंच ठरत नाहीये.

दुकानदार : त्यात न ठरण्यासारखं काय आहे? तुझ्या यादीतल्या पार्टांची बेरीज मीच करून दिली होती. गेम अगदी रंगात आला तरी सगळं मिळून तीनशे चाळीस वॉट. चारशेचा सप्लाय घे, साठ वॉट हाताशी राहतात. बजेटमध्ये बसतो, आणि माऊसपॅड माझ्याकडून.

छोटी : चारशेचा पुरणार नाही.

दुकानदार : मिस्तरी, पोरगी हुशार आहे तुमची, पण या धंद्यात माझे केस पिकलेत.

बाबा : चारशेचाच द्या, शेठ. उगाच वेळ नको.

छोटी : बाबा, जरा थांबा ना. काका, तुम्ही आठवड्यापुरता तुमचा साडेसहाशेचा सप्लाय वापरायला दिलात आणि सोबत वीज मोजायचा मीटर दिलात. मी रोजचे आकडे लिहून ठेवलेत. ही वही बघा.

दुकानदार : बघू. सोमवार, पाच वाजता तीनशे अडतीस. सहाला तीनशे चाळीस. बरोबर आहे. सहा चाळीसला... चारशे चाळीस? लिहिताना तिनाचे चार झाले असतील.

छोटी : मंगळवार बघा.

दुकानदार : सहा एक्केचाळीस, चारशे चाळीस. बुधवारीपण तेच. सात वीसपर्यंत तसाच आकडा, मग परत तीनशे चाळीस. दर वेळी बरोब्बर शंभर जास्त? ग्राफिक्स कार्डात काही दोष असेल. काढ इकडे, लावून बघू.

छोटी : सकाळी तुमच्याच टेबलावर दोन तास लावून बघितलंत की.

दुकानदार : हो, ते खरं. तीनशे चाळीसच्या वर हललं नाही. मग दोष तुमच्या घरच्या वायरिंगमध्ये. मिस्तरी, गावभर एसी बसवत फिरता आणि स्वतःच्या घरी ही तऱ्हा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

बाबा : वायरिंग मी तीनदा तपासली. बोर्ड उघडला, प्लगाशी उभा राहून मीटरकडे बघत बसलो. मला एकदाही चारशे दिसले नाहीत. पोरीला भास होतायत, शेठ. वर्षभर त्या खोलीत बसून दुसरं काय होणार?

छोटी : आईनेपण बघितलाय आकडा.

बाबा : तुझ्या आईला तू दाखवशील ते दिसतं.

दुकानदार : भांडू नका. शंभर वॉट म्हणजे जुन्या काळचा एक मोठा बल्ब. छोटी, त्या वेळेला दुसरं काही लावतेस का? पंखा, चार्जर?

छोटी : काही नाही. खेळायचे कंट्रोलर दोन लावलेले असतात, तेवढेच. एक माझा.

दुकानदार : आणि दुसरा?

छोटी : दुसरा नुसता बाजूच्या खुर्चीवर ठेवलेला असतो.

दुकानदार : कंट्रोलर फार तर दोन-तीन वॉट खाईल. खोली कुठली आहे ही?

छोटी : दादाची.

दुकानदार : हं. यादीपण त्याचीच ना? अक्षर मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं, बोललो नाही एवढंच. दोन वर्षं याच काउंटरला कोपर टेकून उभा राहायचा. हे कार्ड त्या बोर्डावर चालेल का, ते कार्ड या डब्यात मावेल का. घेतलं कधी काही नाही, पण भाव त्याला माझ्यापेक्षा जास्त पाठ. फार वाईट झालं, मिस्तरी. हसतमुख पोरगा होता.

छोटी : साडेसहाला क्लासवरून घरी यायचा. हातपाय धुवायला दहा मिनिटं.

बाबा : पुरे झालं.

छोटी : तुम्हीच तर शिकवलंत मला. लोकांना एसी किती टनाचा लागेल ते काढताना तुम्ही आधी काय विचारता?

बाबा : खोलीचं माप विचारतो.

छोटी : मग?

बाबा : खिडक्या किती, ऊन कुठून येतं.

छोटी : आणि मग?

बाबा : माणसं किती बसणार ते.

छोटी : एका माणसामागे किती धरता?

(बाबा काउंटरवरचा रिकामा खोका उलटा करून बघत राहतात.)

दुकानदार : किती धरता, मिस्तरी?

बाबा : शांत बसलेला असेल तर शंभर वॉट. माणसाच्या अंगाची धग असते तेवढी. सगळेच मेकॅनिक धरतात, त्यात नवल काही नाही.

दुकानदार : पण ती धग पोटातल्या अन्नाची. माणूस काय प्लगला लावलेला असतो?

छोटी : जो जेवत नाही त्याने मग कुठून घ्यायची?

दुकानदार : असं बोलू नये, बाळ. भरदुपारी काटा आला बघ अंगावर.

छोटी : मला नाही भीती वाटत. पहिल्या दिवशी वाटली होती. बाजूची खुर्ची हाताला कोमट लागली, तेव्हा हात झटकन मागे घेतला. आता उलटंच झालंय. सहा चाळीस होऊन गेले आणि आकडा हलला नाही, की जीव खालीवर होतो.

बाबा : ऐकलंत? घरात हे असं बोलते. मैत्रिणी सुटल्या, बाहेर जाणं सुटलं. सहा वाजले की असेल तिथून पळत घरी येते. माझं एक लेकरू गेलं, शेठ. दुसरं मला त्या खोलीत घालवायचं नाहीये. तुम्ही सांगा, चारशेच्या सप्लायवर चारशे चाळीसचा लोड आला तर काय होईल?

दुकानदार : चांगला सप्लाय असेल तर स्वतःला वाचवेल. टप्‌ करून बंद. स्क्रीन काळी.

बाबा : बस. चार दिवस बंद पडेल, आठ दिवस बंद पडेल. मग ज्याला कळायचं त्याला कळेल.

छोटी : काय कळेल?

बाबा : की आता उठायचं.

छोटी : ते तुम्ही त्याला एकदा सांगून झालंय, बाबा.

दुकानदार : मी जरा आतून माल बघून येतो. तुम्ही बोला.

छोटी : जाऊ नका, काका. तुम्ही त्याला ओळखायचात, तुम्हीपण ऐका. दादाने मित्राचं कॉम्प्युटर चार दिवसांसाठी मागून आणलं होतं. परीक्षा तोंडावर आली होती. बाबांनी तीन हाका मारल्या आणि मग मेन स्विच बंद केला. आम्ही दोघं शेवटच्या टप्प्यावर होतो. स्क्रीन काळी झाली तसा दादा उठला, चपला घातल्या आणि बाहेर पडला. कोपऱ्यावरच्या वळणापर्यंतच पोचला.

बाबा : अभ्यासाला बसावा म्हणून बंद केला होता ग मी.

छोटी : माहीत आहे. मी कधी तुम्हाला बोल लावला का? पण हा चारशेचा घरी नेला तर रोज तेच होणार. तो येऊन बसणार आणि आपण त्याच्या तोंडावर काळोख करणार. रोज संध्याकाळी.

बाबा : मग मला का दिसत नाही? मी उभा होतो ना तिथे. तीन संध्याकाळी उभा होतो.

दुकानदार : छोटी, तुला माहीत असेल तर सांग ना त्यांना.

छोटी : मला नव्हतं सांगायचं.

बाबा : सांग.

छोटी : तुमची पावलं वाजली की आकडा उतरतो. तुम्ही स्वयंपाकघरात असता तोवर चारशे चाळीसच. तिथून निघालात की चारशे तीस, चारशे दहा... तुम्ही दाराशी पोचता तेव्हा तीनशे चाळीस झालेले असतात. तिन्ही वेळा तसंच झालं.

दुकानदार : मिस्तरी, हे स्टूल घ्या. बसा. पाणी देऊ का?

बाबा : नको. बसतो.

दुकानदार : छोटी, साडेपाचशेचा आहे माझ्याकडे, पण तो तुझ्या बजेटच्या पार बाहेर जातोय. माझा नफा सोडला तरी जातोय.

छोटी : मी दुसरं काढलंय. ग्राफिक्स कार्ड परत घ्या आणि त्याच्या एक पायरी खालचं द्या. ते शंभर वॉट कमी खातं. मग सगळं मिळून दोनशे चाळीस होतात. तो बसला तरी तीनशे चाळीस. चारशेचा सप्लाय पुरतो.

दुकानदार : बेरीज बरोबर आहे तुझी. पण अग, या कार्डाखाली त्याने लाल पेनने दोन रेघा ओढल्यात. या कार्डासाठी तर ही सगळी यादी. खालच्यावर तो गेम अडकत अडकत चालेल. वर्षभर थांबलीस ना त्या गेमसाठी?

छोटी : थांबले होते.

दुकानदार : मग?

छोटी : दादा वैतागेल. कसलं टुकार कार्ड लावलंस म्हणेल. म्हणू दे. मला तो बसलेला हवाय, काका. गेमचं काय एवढं.

दुकानदार : मिस्तरी, तुम्ही मोठे आहात. तुम्ही म्हणाल तसं. बदलू कार्ड?

बाबा : ती म्हणते तसं करा. आणि सप्लाय इथेच पूर्ण लोडवर तपासून द्या, मधेच बंद पडता कामा नये. मीटरही आम्हाला विकत द्या.

दुकानदार : मीटर ठेवा तसाच. त्याचे कसले पैसे?

बाबा : आणि लांब वायरचा एक एक्स्टेंशन बोर्ड द्या. मीटर स्वयंपाकघरातल्या प्लगला लावीन, वायर तिथून खोलीपर्यंत जायला हवी. पंधरा मीटर तरी लागेल.

दुकानदार : मीटर स्वयंपाकघरात कशाला, मिस्तरी?

बाबा : संध्याकाळी मी तिथेच असतो. आकडा वर गेला, की तो उतरेपर्यंत मी जागचा हलणार नाही.