बोरगावच्या रस्त्यावर

तुम्ही मला धावण्याबद्दल विचारता, म्हणून सांगतो. एकदा सकाळी, शाळेत शिकवायला जायच्या आधी, मी बोरगावच्या रस्त्यानं धावत होतो. दोन्हीकडे संत्र्याला बहर आलेला, मी अगदी खुशीत. शेतात कापूस वेचणारी एक म्हातारी मला पाहून काम सोडून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आली.

"काय झालं बापू? घरी सारे बरे आहेत ना?"

"बरे आहेत, आजी. मजा येते म्हणून धावून राहिलो."

तिनं माझं लालबुंद तोंड नीट पाहिलं.

"मजा येऊन राहिली तं हळू जा ना. एवढ्या घाईनं कायले संपवतं?"

मी चालत परतलो. शाळेत तासभर उशिरा पोचलो आणि हेडमास्तरांना गाडी पंक्चर झाल्याचं सांगितलं.