गालातली लवंग

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक आजी-आजोबा बसले होते. आजोबांचा हात गालावर.

"अहो, ती लवंग थुंका आधी. डॉक्टरीणबाई ओरडतील."

"तूच तर दाताखाली धरायला लावलीस."

"म्हणून आत जाऊन सांगत सुटू नका. माझं नाव घ्याल तर खबरदार!"

"नाही घेत, बाई."

वीस मिनिटांनी आजोबा हसतच बाहेर आले.

"ओरडल्या?"

"चार दिवस घरी बसलो म्हणून ओरडल्या. लवंगेबद्दल नाही. त्यांनी दातात भरलेल्या औषधालाही तोच वास! लवंगेचंच तेल असतं म्हणे त्यात."

"अगंबाई!"

"आणि मला तोंडात काही घातलं की उमासे येतात ना, तर मनगट दाबून धरायला लावलं. एकदाही उमासा आला नाही."

"हेच मी तुम्हाला गाडी लागते तेव्हा सांगते, तर हसता."

"लवंगेचं तर कौतुक केलं. विचारत होत्या, कुणाला सुचलं हे?"

"मग?"

"मी दिला शब्द मोडतो होय? म्हटलं, मलाच सुचलं."

आजी ताडकन उठल्या.

"अगं, कुठे निघालीस?"

"आत."

"तुझा कुठे दात दुखतोय?"

"आत्ताच लागलाय दुखायला."