तीन लाल टिकल्या

(लिस्बनमधलं एक छोटं कलादालन. प्रदर्शनाचा दुसरा दिवस. भिंतीवर मासे विकणाऱ्या एका बाईचं मोठं चित्र.)

लिओनोर : दालन माझं आहे, ग्रासा. चित्र विकलं गेलं की शेजारी लाल टिकली मीच लावते. तुझं एकही चित्र मी अजून विकलेलं नाही. मग या तीन टिकल्या आल्या कुठून?

ग्रासा : मला वाटलं तुम्हीच लावल्यात. मी तर सकाळी सगळ्यांना केक खायला घातला.

लिओनोर : मघाशी संग्रहालयाच्या बाई आल्या होत्या. तुझ्यासोबत चित्रं मांडलेल्या फाउस्तोच्या एका चित्राच्या कागदांवर सही केली आणि दारातून म्हणाल्या, हवं होतं ते मासेवालीचं, पण ते गेलेलं दिसलं. वर्षाला एकाच नवख्याचं चित्र घेतात त्या.

ग्रासा : म्हणजे माझं घेणार होत्या?

हर्मिनियो : टिकल्या मी लावल्या.

ग्रासा : बाबा?

हर्मिनियो : काल त्या फाउस्तोच्या चित्रांना टिकल्याच टिकल्या, आणि तू कोपऱ्यात रिकामा ग्लास धरून उभी. मला बघवेना. बाजारात आपण काय करतो? भरलेली पाटी बघून गिऱ्हाईक नाक मुरडतं. अर्धी लपवली की झुंबड उडते. टिकल्या खिशात होत्याच, विकलेल्या पाट्यांवर लावायच्या.

ग्रासा : अरे, पाटीत खाली मासे उरतात. चित्र एकच असतं. गेलं म्हणजे गेलं.

हर्मिनियो : आत्ता कळलं.

लिओनोर : मला एका शब्दानं विचारायचं होतं तुम्ही.

हर्मिनियो : चुकलं, बाई.

ग्रासा : बाकीची दोन मी समजू शकते. पण आईचं चित्र कशाला? ते सगळ्यात मोठं.

हर्मिनियो : जाऊ दे ना.

ग्रासा : नाही. सांग.

हर्मिनियो : दोन बायका त्याच्यासमोर उभ्या होत्या. एक म्हणाली, चित्रालाच वास मारतोय. हसल्या दोघी. तुझी आई तशीच, बाह्या वर, हातभर खवले. म्हटलं, कुणीतरी हिच्यासाठी पैसे मोजलेत असं दिसलं की तोंडं बंद होतील यांची.

ग्रासा : तुला आईची लाज वाटली?

हर्मिनियो : तिची कशी वाटेल गं? जन्मभर तिच्या शेजारी उभा राहून मासे विकले. लाज माझी वाटली. त्या हसल्या आणि मी बाजूला सरकलो. हिचा नवरा मीच, हे त्यांना कळू नये म्हणून.

ग्रासा : का पण?

हर्मिनियो : तूच त्याच्या थोडं आधी त्यांना सांगितलं होतंस, हे माझे वडील, यांचा समुद्री व्यवसाय आहे.

लिओनोर : मलाही तेच सांगितलं होतं. मी जहाजं समजले.

हर्मिनियो : मी मान डोलावली. नवा कोट होता अंगावर. म्हटलं, शोभतंय.

ग्रासा : बाबा...

लिओनोर : मी जरा बाहेर थांबते.

ग्रासा : नका जाऊ. ही टिकली निघत नाहीये. भिंतीचा रंगच निघून येतोय.

हर्मिनियो : ओल्या पाटीवर टिकणारा गोंद आहे तो. बाजूला हो, मी नखानं काढतो.

ग्रासा : कालच नाही, बाबा. घर सोडल्यापासून सगळ्यांना मी हेच सांगत आलेय. आईचं चित्र काढलं, लोकांनी वाहवा केली, आणि तुला मात्र कोट घालायला लावला. तोंड दाखवायला जागा उरली नाही मला.

हर्मिनियो : मला तरी कुठे उरलीय? संग्रहालयात गेली असती ती. माझ्यामुळे राहिली.

लिओनोर : ग्रासा, दारात कुणीतरी आलंय. मासेवालीच्या चित्राबद्दल विचारतायत. काय सांगू?

ग्रासा : विकायला आहे म्हणा. माझी आई आहे ती, बाजारात मासे विकायची. आणि हे माझे बाबा.

लिओनोर : यांचं काय सांगू?

हर्मिनियो : सांगा, अजून विकतो. आज बांगडे होते.