सोड म्हणजे काय

(मलकापुरातल्या एका दवाखान्यासमोरची चहाची टपरी. दुपार. निवृत्त सुभेदार नाथाजी, मलकापूर तुकडीचा म्होरक्या शिवतेज, म्हसवड तुकडीची म्होरकी राणी.)

शिवतेज : तेच सांगतोय आबा. आजपासून मलकापूरची तुकडी बचाव पथकात नाही. आत माझा भाऊ पडलाय, मांडीचं हाड मोडलंय, ऑपरेशन करून सळई घातलीय. आणखी काय कारण पाहिजे तुम्हाला?

नाथाजी : कारण मागितलंय का मी? चहा घे आधी. वीरधवल तुझा भाऊ हाय, तसा पथकातला माझाबी गडी हाय. पण तू बाजूला झालास तर ऱ्हातं काय, सांग. कोयनानगरची पोरं वायरलेस आन् ॲम्ब्युलन्स बघत्यात, म्हसवडची जखमीला दोरानं वर ओढत्यात. दरीत उतरणारं तुमच्याबिगर हाय का कोण? मलकापूर गेलं की पथक मोडलं. पुढचा माणूस घळीत पडला की आपुन वर उभं ऱ्हाऊन त्याचं वरडणं ऐकायचं.

शिवतेज : मग एक करा. हुकूम एकाचाच. तुम्ही रस्त्यावर थांबायचं, तुम्ही बोलल्याशिवाय कुणी दोराला हात लावायचा नाही. तीन तुकड्या, तीन म्होरके, ज्याला जे सुचेल ते तो करणार. असं चालतं का कुठं?

राणी : चाललं की आजवर.

शिवतेज : तू बोलू नकोस, राणीताई. तुझ्या भावानं दोर सोडला.

राणी : बोलणार. म्हसवडास्नं येष्टीत उभी ऱ्हाऊन आलीया मी. गप बसायला न्हाई आले.

नाथाजी : शिवतेज, एकाचा हुकूम करून बघितलाय आपुन. पयल्या वर्साला ती जीप दरीत गेलेली, आठवतंय का? धुकं असं, की मला दरीतलं काय दिसंना. वायरलेस नुसता खरखर करतोय. खाली तुझा गडी जीपमधल्या बाईपशी पोचलेला, आन् माझ्या ऑर्डरची वाट बघत बसलेला. बाई तेवढ्यात गेली. त्या दिवशी मीच म्हणलं, ज्याचं पाय तिथं, त्यानं ठरवायचं. त्यानंतर किती माणसं जित्ती वर काढली ते तुलाबी ठावं हाय.

शिवतेज : ते मान्य. मग परवा काय झालं?

नाथाजी : तेच कळंना झालंय. फौजेत असतो तर दोघांस्नी समोर उभं करून रपोट घेतला असता. हितं एकाला धड बोलवत न्हाई, दुसरा बोलायला तयार न्हाई. राणी, तू दोरापशीच व्हतीस. काय झालं ते सांग.

राणी : सराव व्हता, तिन्ही तुकड्या एका जागी आलेल्या. तेवढ्यात वळणावर टेंपो घळीत गेला. घाईत जो तो हाताला येईल त्या कामाला लागला. वीरधवल खाली उतरला, दोर धरला माझ्या भावानं, जोतीरामनं. एरवी तुमच्या गड्याचा दोर तुमचाच गडी धरतो. परवा पयल्यांदा आमच्या हातात आला. डायवर वर आला, त्याला फारसं लागलंबी न्हवतं. मग वीरधवल खालनं वरडला, ‘सोड’. आन् जोत्यानं सोडला.

शिवतेज : अगं, सोड म्हटलं की हातभर ढील द्यायची असते. गडी कड्याला अडकलाय, त्याला पाय सरकवायला जागा हवी, म्हणून सोड. अख्खा दोर सोडून देतात का कुणी?

राणी : आमच्यात देत्यात.

शिवतेज : म्हणजे?

राणी : आमच्यात सोड म्हंजी झालं. गडी हिरीत उतरतो, पाय बुडाला टेकलं, कमरंची गाठ काढली, की वर सांगतो, सोड. म्हंजी मी मोकळा झालो, आता तुझा हात काढ. सांजच्याला औत सोडत्यात न्हवं, तसं. ढील पायजेल आसंल तर आमी ‘सैल’ म्हणतो.

नाथाजी : थांब जरा. म्हंजी दोघंबी बरोबर व्हतं.

शिवतेज : बरोबर कसे? माझा भाऊ खडकावर आपटला, आबा.

नाथाजी : आपटला. आन् तरी दोघंबी आपापल्या परीनं बरोबर. हेच लय वंगाळ हाय. चुकलेला सापडला असता तर त्याला घरी धाडून आपुन निवांत झालो असतो.

राणी : एका पथकात जेवतो, एका गाडीत बसतो. तुमच्यात सोड म्हंजी काय, एवढं कुणी कुणाला ईचारलं न्हाई.

शिवतेज : मग आता ठरवा. आमचे शब्द सगळ्यांनी घ्यायचे. आम्ही रीतसर कोर्स करून आलोय.

राणी : आन् आमी काय कालपास्नं दोर ओढतोय का? जीव टांगणीला लागला की शिकलेलं ध्यानात ऱ्हात न्हाई, बापाच्या तोंडचं तेवढं तोंडात येतं. तुमचा शबूद आमच्या पोरांच्या तोंडात बसंस्तोवर आणिक कुणीतरी पडंल.

नाथाजी : मग दोघांचंबी नगं. फौजेतलं घेऊ.

शिवतेज : म्हणजे तुमचं. परत एकाचा हुकूम झालाच की.

नाथाजी : टोच, टोच. खरं हाय ते. पण माझं एवढं ऐका. गाठ कुठली मारायची, कोण उतरणार, कवा उतरणार, ज्यानं त्यानं बघावं. मी त्यात पडणार न्हाई. पण दोराच्या दोन्ही टोकांस्नी बोली एक पायजे. सगळं मिळून चार-पाच शबूद. तेवढंबी जमणार नसंल तर शिवतेज म्हणतोय ते खरं, पथक मोडूया.

शिवतेज : शब्दांचं एक वेळ होईल. पण जोतीरामच्या हातात परत दोर? माझी पोरं कुठल्या भरवशावर उतरतील?

राणी : जोत्याचं हात बघितलंस का तू?

शिवतेज : मी कशाला बघू?

राणी : दोर पळाय लागला तवा त्याच्या ध्यानात आलं. झेप घिऊन परत धरला. तळव्याचं कातडं दोरासंगं गेलं. दोन्ही हातांस्नी फडकी हाईत, मी भरवती तवा दोन घास खातोय. मेंढरात जाऊन बसतोय दिसभर, कुणासंगं बोलत न्हाई. मी मारला म्हणतोय त्याला.

शिवतेज : हे मला कुणी सांगितलं नाही.

राणी : फोन उचललास का कुणाचा?

नाथाजी : म्हंजी मधीच दोर थांबला तो जोतीराममुळं. न्हाईतर पोरगं तळाला गेलं असतं. राणी, लाव त्याला फोन. शबूद त्यालाच ठरवू दे. काम दिलं तर माणसात येईल.

राणी : बघती. माझा फोन तेवढा घेतो… जोत्या, मी बोलतीया. न्हाई, न्हाई, बरा हाय वीरधवल, जित्ता हाय. ऐक. दोराला शबूद कुठलं ठेवायचं ते तू सांग म्हणत्यात आबा. हं… हं…

नाथाजी : काय म्हणतोय?

राणी : म्हणतोय, मला नगा ईचारू. माझं पाय भुईला व्हतं. लोंबकळत व्हता तो वीरधवल. घाबरल्यावर त्याच्या तोंडात जो शबूद येतोय, त्यो ठेवा. आमी शिकून घेऊ.

नाथाजी : ऐकलंस, शिवतेज?

शिवतेज : ऐकलं.

नाथाजी : मग सांग. मलकापूर हाय का न्हाई?

शिवतेज : आबा, एक गोष्ट मी बोललो नाही तुम्हाला. भूल उतरल्यावर वीरधवलनं पहिलं काय विचारलं माहितीये? पायाचं नाही विचारलं. म्हणाला, जोतीराम कुठं पडला? त्याला वाटतंय, दोराबरोबर तोही दरीत ओढला गेला.

राणी : मग तू काय सांगितलंस?

शिवतेज : काहीच नाही. राग होता मला. त्याचं नाव तोंडात घ्यायची इच्छा नव्हती. वीरधवल अजून तसंच धरून बसलाय. काल रात्रभर भिंतीकडं तोंड करून होता. मला वाटलं, पाय दुखतोय.

नाथाजी : अरारा. लेका, एवढं तरी सांगायचंस.

शिवतेज : फोन ठेवलास का, राणीताई?

राणी : न्हाई. चालूच हाय.

शिवतेज : त्याला ऐकू गेलं?

राणी : गेलं. रडतोय.

शिवतेज : त्याला म्हणावं, संध्याकाळी भेटायला आत जाऊ देतात. मिळेल ती एसटी धरून ये. मी गेटवर थांबतो.