माकडाचं बारसं

(प्रकाशा गाव. जेवणं उरकून दुपारचं घर गप्प झालेलं. मग पायाच्या प्लास्टरवर चमचा: ठक, ठक, ठक.)

नूतन: रोशनी, चमचा ठेव बरं. प्लास्टर म्हणजे काय ढोल वाटला तुला?

रोशनी: आत खाज येई ऱ्हायनी, मम्मी.

नूतन: केळीच्या ट्रॉलीवरून उडी मारताना नाही आली खाज? इकडे बघ. कुठलं अ‍ॅप लावलं ते संध्याकाळपर्यंत सरांना कळवायचंय. प्लास्टर निघेपर्यंत तुझी दुसरीची शाळा या फोनातच. ते पहिलं अ‍ॅप काढून टाकलं मी.

रोशनी: का? छान होतं ते. कुठंही बोट लावलं की ‘शाब्बास’ म्हणायचं.

नूतन: म्हणूनच काढलं. काल तू पायाच्या अंगठ्यानं गणित सोडवलंस, तरी शाब्बास.

रोशनी: आजीनं पण लावला अंगठा.

रुक्मिणीबाई: हा मंग! जलम गया, मले कोनी शाब्बास म्हनं नही. तठे दोनदा भेटनं.

नूतन: तुम्हाला मी म्हणते, आई, शाब्बास. आता पुढचं. दुसऱ्यात ती इंग्रजी बोलणारी बाई आहे.

रुक्मिणीबाई: ती? तिन्हा तोंडमा बटाटा शे. काय बोलस, तिन्हं तिले तरी समजस का?

नूतन: आणि तिसरं दर दोन बेरजांनंतर गोरं व्हायची क्रीम दाखवतं.

रोशनी: ती क्रीम मला पाठ आहे. म्हणून दाखवू?

नूतन: बेरीज म्हणून दाखव. नाही येत ना? मग राहिलं हे चौथं. मराठीत आहे, नेट नसलं तरी चालतं, जाहिरात नाही. माकड केळी मोजतं, मुद्दाम चुकतं, आणि आपण त्याची चूक काढायची. नमुन्याचा एक धडा आलाय, लाव.

फोन: नमस्कार! मी मगन माकड! मी केळी मोजणार! एक, दोन, तीन, सात!

रोशनी: चूक!

फोन: अरेरे! मगन माकड चुकलं! सगळे म्हणा, मगन वेडं!

रोशनी: मगन वेडं! मगन वेडं!

रुक्मिणीबाई: नूतन! बंद कर ते! आगोदर आवाज बंद कर!

नूतन: काय झालं, आई?

रुक्मिणीबाई: काय झालं इचारस? बाहेर ओटावर कोन बठेल शे?

नूतन: नाना बसलेत... अगं बाई! नानांचं नाव!

रोशनी: हो की! आजोबांचं नाव मगन आहे. मतदानाच्या चिठ्ठीवर होतं!

रुक्मिणीबाई: चूप! लगीन व्हयनं तवयपाईन ते नाव मन्हा तोंडमाईन निंघनं नही. दवाखानामा डाक्टरनी इचारं, तवय बी मी पोरकडे बोट करं. आनि आते माकड त्यासनं नाव लई ऱ्हायनं, नात वेडं म्हनी ऱ्हायनी!

नूतन: अहो, माकड आहे ते. ज्यांनी बनवलं त्यांना काय ठाऊक, प्रकाशा गावात नाना राहतात ते?

रुक्मिणीबाई: तेसले ठाऊक नही, तुले ते शे ना? काढी टाक.

नूतन: आणि पोरीला परत क्रीमच्या गणिताला बसवू? शाळेत गेल्यावर ही मुलांना बेरजेऐवजी क्रीम विकेल. थांबा... माकडाचं नाव बदलता येतं म्हणे. पण त्यासाठी पूर्ण अ‍ॅप उतरवावं लागेल, आणि दुसरं-तिसरं काढलं तरी फोन म्हणतोय जागा नाही.

रुक्मिणीबाई: मंग कर जागा. त्याले काय लागस?

नूतन: काहीतरी काढून टाकावं लागेल. रोशनीच्या पप्पांचे हे केळीच्या भावाचे व्हिडिओ...

रुक्मिणीबाई: ते नको. सांजले येईसन घर डोकावर लेई.

नूतन: रोशनीचे लहानपणचे फोटो...

रोशनी: माझे टकलू फोटो नाही काढायचे!

नूतन: मग उरल्या तुमच्या नाचणाऱ्या बकऱ्या.

रुक्मिणीबाई: मन्ह्या बकरीसले हात लावू नको. दुपारले तेवढंच एक सुख शे. ते काय शे, ते निळं? पुस्तकनं चित्र शे ते?

नूतन: ते माझं आहे. शिक्षक व्हायच्या परीक्षेचं अ‍ॅप.

रुक्मिणीबाई: मंग ते काढ ना. ते ते घरनंच शे, कोन रागे भरी?

नूतन: परीक्षा पुढच्या महिन्यात आहे, आई.

रुक्मिणीबाई: तू कवय वाचस? मी ते कधी देखं नही.

नूतन: दूध वर येईपर्यंत वाचते. कपडे भिजत घातले की वाचते. तुम्ही बकरी बघता बघता घोरायला लागलात की हळूच हातातून फोन काढून घेते.

रुक्मिणीबाई: म्हनीसन मन्ही बकरी निम्मी नाचीसन गायब व्हई जास!

रोशनी: मम्मी न्हाणीत पण वाचते. मी दाराबाहेर पहारा देते.

रुक्मिणीबाई: न्हाणीमा? आनि मी तुले ओवानं पानी देत व्हतू, पोट बिघडनं म्हनीसन!

नूतन: प्यायले की मी. रोज, निमूट.

रुक्मिणीबाई: पास व्हयनी ते काय व्हई?

नूतन: नोकरीला उभं राहता येईल. शहादा, तळोदा, वर डोंगरात, मिळेल त्या शाळेत जाईन. पण हे काढलं तर आतापर्यंत सोडवलेलं सगळं पुसलं जातं. परत पहिल्यापासून करायला मला वेळ कुठून मिळायचा? मग राहीलच ते.

रुक्मिणीबाई: हं... माकडनं नाव पक्कं बदलशी?

नूतन: पक्कं.

रुक्मिणीबाई: मंग बकरी काढ. बठ्ठ्या नही! ती काळी, टोपीवाली, ती ऱ्हाऊ दे.

नूतन: आई...

रुक्मिणीबाई: तू काब्रं रडी ऱ्हायनी? बकरी मन्ही जाई ऱ्हायनी.

नूतन: रडत नाही. फोन गरम झालाय, त्याचा धूर डोळ्यात गेला. हं, उतरलं बघा. रोशनी, टाक नवीन नाव.

रोशनी: पप्पांचं टाकू? हे... म...

नूतन: नको गं! मग मी त्या माकडाला हाक कशी मारायची?

रुक्मिणीबाई: आनि मन्हा पोरले वेडं म्हनशी का? दुसरं टाक.

रोशनी: सरांचं टाकू?

नूतन: अगं, सरांनाच दाखवायचंय ना हे!

रोशनी: मग आजीचं?

रुक्मिणीबाई: माकडले? नूतन, झाडू आन व माय जरा.

रोशनी: मग एकच उरलं. टाकलं!

फोन: नमस्कार! मी नूतन माकड! मी केळी मोजणार! एक, दोन, तीन, सात! अरेरे! नूतन माकड चुकलं! सगळे म्हणा, नूतन वेडं!

रोशनी: नूतन वेडं!

रुक्मिणीबाई: हां! आते बराबर शे. आवाज वाढाव, बाहेर त्यासले बी ऐकू जाऊ दे.

नूतन: हसा, हसा. माझंच माकड झालं शेवटी.

रोशनी: मम्मी?

नूतन: काय गं? परत खाज आली?

रोशनी: नाही. आजी आजोबांचं नाव घेत नाही. तू पप्पांचं घेत नाहीस. मग तुझं नाव कोण घेत नाही?