सेल्फ बंद पडला तेव्हा

परवाचंच सांगतो बायांनो. आमच्या ह्यांची पंपाच्या कारखान्यात मुलाखत, जयसिंगपूरला, आणि निघताना गाडीचा सेल्फ बंद! गाडीला किकच न्हाय.

हे म्हणाले, "मेस्त्रीला बोलावतो."

मी म्हटलं, "दहा वर्षं मिक्सरच्या मोटरी दुरुस्त करत्यात हे हात. ही बी मोटरच की! पाना द्या."

स्टार्टर मोटर उघडली, तर आत कार्बनचा काळा भुगा साचलेला. ह्यांना धरायला लावून साफ केली, बसवली. बटण दाबलं, गाडी सुरू!

संध्याकाळी हे परत आले.

"काय झालं?"

"साहेबांनी विचारलं, हात काळे कशानं? सगळं खरं सांगितलं."

"मग?"

"म्हणाले, तुम्हाला नंतर कळवतो. बाईंना उद्याच पाठवा."